ब्याण्णव टक्के मुंगसे

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि माझ्या विभागात एकही पुस्तक नाही. म्हणजे एक आहे, पण ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहे आणि ते काढायला कुणी तयार नाही. विभागाचं नाव 'ई-संसाधने व संशोधन सेवा'.

आमचे शिपाई शेलारमामा माणचे. आपण नेमके कुठे काम करतो, हे गावात सांगताना त्यांची पंचाईत होते. एकदा ते फोनवर कुणाला तरी समजावत होते, ते मी ऐकलं. "लायब्रीच हाय, पन पुस्तकं न्हाईत. व्हय. म्याडम दिसभर कांपुटरकडं बघत्यात आन् मधनंच म्हनत्यात, 'गेलं'."

माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

काय जातं, ते सांगते. पूर्वी ग्रंथालय संशोधनाची मासिकं विकत घ्यायचं, बांधून कपाटात ठेवायचं आणि कपाटाला कुलूप लावायचं. आता तीच मासिकं पडद्यावर येतात आणि ती विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात. भाडं थकलं की मासिकं जातात. भाडं भरलं तरी घरमालक अधूनमधून न विचारता भिंती हलवतो. याला अपडेट म्हणतात. 'आपला अनुभव अधिक सुखकर करण्यासाठी' अशी सुरुवात असलेली ईमेल आली की मी पाण्याची बाटली भरून घेते आणि कागदावर तीन रकाने आखते. काय बंद पडेल, कोण ओरडेल, आणि कोण न ओरडता थेट कुलगुरूंना पत्र लिहील. तिसऱ्या रकान्यातल्या लोकांना मी आदल्या दिवशीच फोन करते.

एका अपडेटमध्ये शोधाची चौकट डावीकडून उजवीकडे गेली. एवढंच झालं. यंत्र अभियांत्रिकीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक येऊन म्हणाले, "डेटाबेस बंद पडलाय आणि तुमच्या विभागाला त्याची खबरही नाही." मी त्यांच्यासमोर चौकट दाखवली. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही इथे कुणी ठेवली?" मी म्हटलं, "नेदरलँड्समधून ठेवली." त्यावर ते म्हणाले, "मग त्यांना सांगा, आमच्याकडे डावीकडून वाचतात."

सगळ्यात मोठा अपडेट आला तो घरून लॉगिनचा. त्याआधी हे सगळं विद्यापीठाच्या आवारातच दिसायचं. आमच्याकडे पीएचडी करणारे निम्मेअधिक लोक नोकरी सांभाळून करतात. भोसरी, चाकण, तळवड्याच्या कंपन्यांमधले इंजिनियर, मॅनेजर. शिफ्ट संपेपर्यंत ग्रंथालय बंद झालेलं असायचं, पण वाय-फाय चालू असायचं. मग ही मंडळी कुंपणाच्या भिंतीबाहेर गाडी लावून, गाडीवरच लॅपटॉप उघडून बसायची. घरून लॉगिन सुरू झाल्यावर भिंत ओस पडली. सुरक्षारक्षकाने मला काळजीने विचारलं, "मॅडम, ती माणसं कुठं गेली? काही झालं का?"

या नव्या लॉगिनचं प्रशिक्षण आम्ही रविवारी ठेवलं, कारण रविवारी सुट्टी असते. आमच्या ग्रंथपालांनी, म्हणजे भोईटे सरांनी, ध्वनिक्षेपक मागवला होता. एकच माणूस आला. तो बायकोला परीक्षेला सोडून सावली शोधत आला होता. भोईटे सरांनी त्याला पूर्ण प्रशिक्षण दिलं.

नंतर मला कुणीतरी सांगितलं की या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. मी पिंपळे गुरवला इतकी वर्षं राहते, माझ्याच मजल्यावरचे गृहस्थ दर गुरुवारी गाडी धुतात, आणि हे माझ्या कुठल्याही यादीत नव्हतं. प्रशिक्षण आम्ही गुरुवारी हलवलं. खुर्च्या पुरल्या नाहीत.

त्या पहिल्या गुरुवारी पुढच्या रांगेत बसले होते विलास मुंगसे.

मुंगसे चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग ते तपासतात. घराणं जुनं, तिथलंच. ज्या शिवारात आजोबांनी बटाटा काढला, तिथेच नातू आता भागांची मापं तपासायचं गेज घेऊन उभा असतो. वय पंचेचाळिशीचं, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. ब्रेकच्या भागातले बारीक तडे लवकर कसे ओळखायचे, या विषयावर ते आमच्याकडे पीएचडी करत होते. मी शिकवलेली प्रत्येक पायरी त्यांनी करून पाहिली आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमच्या माहितीपत्रकातली चौथी पायरी पाचवीच्या नंतर पाहिजे." मी तपासलं. बरोबर होतं. मी पत्रक बदललं आणि हा माणूस दुसऱ्या रकान्यातला की तिसऱ्या, याचा विचार करत राहिले.

त्यानंतर दीडेक वर्षाने त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. प्रबंध सादर करायच्या आधी ग्रंथालयातून साम्य-तपासणीचा अहवाल घ्यावा लागतो. लोक याला 'प्लॅग काढणं' म्हणतात, रक्त काढतात तसं. प्रबंध एका सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. ते सॉफ्टवेअर जगातल्या कागदपत्रांशी तो ताडून बघतं आणि किती टक्के मजकूर दुसरीकडे सापडला, ते सांगतं. सापडलेल्या ओळी रंगवून दाखवतं. दहा टक्क्यांपर्यंत आम्ही पास म्हणतो. त्याच्या वर गेलं की परत.

मुंगसे यांचे ब्याण्णव टक्के आले.

या नोकरीत मी पस्तीस पाहिले आहेत, साठ पाहिले आहेत. ब्याण्णव कधी पाहिले नव्हते. मुखपृष्ठ, आभार आणि आईला केलेली अर्पणपत्रिका सोडली, तर अख्खा प्रबंध लाल होता. एकच लाल, एकाच ठिकाणचा. खाली लिहिलं होतं, एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सादर झालेला विद्यार्थ्याचा निबंध.

मी त्यांना बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"मुंगसे, कुणाचा उचललात?"

"काय?"

"प्रबंध."

"माझा मी लिहिलाय, मॅडम."

हे उत्तर सगळेच देतात. त्यानंतर साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट होते. माणूस रडतो, मार्गदर्शकांवर ढकलतो, किंवा एखाद्या मोठ्या माणसाला फोन लावतो. मुंगसे यांनी चष्मा पुसला, स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि म्हणाले, "हे कॉलेज तर माझ्या मित्राचं आहे. तिथं मी प्री-डिस्पॅच केलं होतं."

"काय केलं होतं?"

"आमच्यात माल कस्टमरकडं जायच्या आधी आपणच तपासून पाठवायचा असतो. तिथं रिजेक्ट होऊन परत आला तर नाचक्की. तुम्ही फायनल तपासणार, म्हणून मी आधी मित्राच्या लॉगिनवर तपासून घेतला. चार टक्के होतं तेव्हा."

मग माझ्या लक्षात आलं. या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते. ती काढून टाकली नाही, तर तपासलेला प्रत्येक कागद ते स्वतःच्या पोटात ठेवून घेतं आणि पचायला महिनाभर गेला की पुढचं सगळं त्याच्याशीही ताडून बघतं. मित्राने ती खूण तशीच ठेवली होती. त्यामुळे मुंगसे यांच्या प्रबंधाची चोरी झाली होती आणि चोर मुंगसे होते. ज्याने काहीच तपासलं नाही, तो आमच्याकडे सहा टक्क्यांवर सुटतो. ज्याने काळजीने तपासलं, तो ब्याण्णव टक्के चोर.

इथे मुंगसे यांचं काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. त्यांच्या नोंदणीची ही शेवटची मुदतवाढ होती. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत प्रबंध सादर झाला नाही, तर नोंदणी रद्द, म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि तिकडे कारखान्याची लाइन दुसऱ्या राज्यात हलणार होती. चला, नाहीतर राजीनामा द्या, असं सांगून झालं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, मुलगी बारावीत. जवळच्या एका महाविद्यालयाने सांगितलं होतं, प्रबंध सादर केल्याची पावती आणा, नव्या सत्रापासून रुजू व्हा. म्हणजे तो माणूस याच गावात राहणार की घरदार सोडून जाणार, हे माझ्या स्क्रीनवरच्या एका लाल आकड्यावर येऊन थांबलं होतं.

हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

मित्राच्या महाविद्यालयाकडून ती प्रत पुसून घेणं सोपं होतं. त्यांनी रीतसर विनंती केली आणि आठवड्याभरात प्रत गेली. मी पुन्हा तपासणी लावली. ब्याण्णव टक्के. या वेळी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाचं नाव आलं. वरचा थर काढला की खालचा दिसतो, तसं.

"मुंगसे, हे काय?"

"ते भोसरीच्या सायबरवालं असणार. मित्राकडच्या इन्स्पेक्शनमध्ये जे निघालं ते दुरुस्त केलं, मग त्याच आठवड्यात री-इन्स्पेक्शन नको का?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पहिल्या लॉटबद्दल विचारलंत, मॅडम."

भोईटे सर मात्र खूश झाले. त्यांच्या मते प्रश्न सुटलेलाच होता. पहिल्या तारखेपासून विद्यापीठ हे सॉफ्टवेअर सोडून दुसरं घेणार होतं. हा आमचा त्या वर्षीचा मोठा अपडेट. "नव्याच्या पोटात ही प्रत नाही," सर म्हणाले. "पहिल्या तारखेनंतर लावा. चार टक्के येतील. आपोआप सुटलं." मीही खूश झाले. कुठलाही अपडेट कुणाच्या उपयोगी पडल्याचं माझ्या आठवणीत नव्हतं. मी लगेच मुंगसे यांना फोन लावून सांगितलं.

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. त्यातून ते म्हणाले, "न्हाई जमणार, मॅडम."

"अहो, का?"

"पार्ट बसत नाही म्हणून गेज बदलायचं नसतं."

मी चिडले. स्पष्टच बोलले. "मुंगसे, हा ब्रेकचा पार्ट नाही, प्रबंध आहे. मुदत कुणाची संपतीये? माझी नाही."

"ऐकून घ्या. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले असणार. त्यांच्याकडं जुनंच सॉफ्टवेअर असलं तर? त्यानं सहज टाकून बघितला, ब्याण्णव आलं, तर तो तुम्हाला विचारणार नाही. मला चोर म्हणणार. मी तेव्हा वर्गात पोरांना शिकवत असेन. तेव्हा कुणाला समजावू?"

फोन ठेवल्यावर मी तीन रकान्यांचा कागद काढला आणि त्यात हे कुठे बसतं ते पाहिलं. बसत नव्हतं. पण माणूस बरोबर बोलत होता, हे मला मान्य करावं लागलं. भोईटे सरांनाही मान्य करावं लागलं, पण त्यांना दोन दिवस लागले.

गुरुवारी दुपारी मी मुंगसे यांच्या गाडीवर मागे बसून भोसरीला गेले. सायबर कॅफे गुरुवारीही सुट्टी न घेणाऱ्या एका वर्कशॉपच्या शेजारी, लेथचा आवाज थेट आत. मालकाचं नाव सोपान, लातूरकडचा, तिशीतला. दुकानात गर्दी होती. भिंतीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो असे फलक, आणि सर्वांत खाली हाताने लिहिलेलं, 'पीएचडी चेक करून मिळेल'.

मुंगसे यांना पाहताच सोपानने हात जोडले. "आता काय राहिलं राव? सगळं बघून झालंय की तुमचं."

मी कोण ते सांगितलं. ते ऐकून बाकावरचे दोघंजण वह्या घेऊन निघून गेले. त्यातल्या एकाला मी ओळखत होते. तो आमच्याच विद्यापीठाचा होता.

सोपानकडचं लॉगिन त्याचं नव्हतं. ते त्याच्या आतेभावाचं, जो त्या मराठवाड्यातल्या महाविद्यालयात शिकवतो. मी सोपानला सांगितलं की प्रत पुसायची विनंती आतेभावाच्या खात्यातूनच जायला पाहिजे. त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण सोपान?" आतेभाऊ म्हणाला.

"अरे मी! भोसरीचा!"

"माझं भोसरीत कुणी नाही."

"दाद्या, इथं युनिव्हर्सिटीच्या मॅडम बसल्यात."

"म्हणूनच नाही."

मी फोन हातात घेतला. त्याला सांगितलं की मला तुमचं नाव नको, तक्रारही करायची नाही. पण तो प्रबंध तुमच्या खात्यात आहे तोवर उद्या कुणीही विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. पुसला तर सुटाल. मग तो म्हणाला, "मॅडम, विनंती पाठवली की ती आधी प्राचार्यांकडं मंजुरीला जाते. प्राचार्य विचारतील, ब्रेकचा प्रबंध मराठीच्या प्राध्यापकाच्या खात्यात कसा? काय सांगू?"

मी फोन सोपानला परत दिला. ती प्रत तिथेच राहणार, हे तिघांनाही कळलं. सोपानने चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

चहा संपवून मुंगसे म्हणाले, "मग डेव्हिएशन घ्यायचं."

ते समजावून घ्यायला मला परतीचा अख्खा रस्ता लागला, कारण ते गाडी चालवत बोलत होते आणि मधे कंटेनर येत होते. सांगायचं झालं तर असं. एखादा भाग आराखड्याप्रमाणे उतरला नाही, पण वापरायला निर्धोक आहे, अशी वेळ कारखान्यात येते. तेव्हा तो लपवून पाठवायचा नसतो आणि फेकायचाही नसतो. काय चुकलं, का चुकलं, कुणी तपासलं, हे उघड लिहायचं आणि कस्टमरची सही घ्यायची. सही झाली की माल जातो. "लपवलेला दोष तेवढा वाईट," मुंगसे म्हणाले. "लिहिलेल्या दोषावर सही करता येते."

विद्यापीठात असं काही नसतं. आमच्याकडे दोष एकतर नसतो, नाहीतर त्याची समिती होते. तरी मी एका पानाची टीप लिहिली. जुन्या सॉफ्टवेअरचा अहवाल ब्याण्णव टक्के, पहिल्या तारखेनंतर नव्यावर काढलेला चार टक्के, दोन्ही सोबत जोडले. साम्य कुठून आलं, एक प्रत कशी पुसली, दुसरी का पुसता येत नाही, सगळं क्रमाने. भोईटे सरांनी वाचून विचारलं, "ब्याण्णवचा उल्लेख हवाच का?" मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच तर टीप आहे." त्यांनी सही केली, फिकट पेनाने.

आमचे कस्टमर म्हणजे संशोधन विभागाचे अधिष्ठाता डॉ. रणपिसे. कडक माणूस. त्यांनी टीप दोनदा वाचली.

"पाटणकर बाई, लोक माझ्याकडे बाराचे दहा करून घ्यायला येतात. ब्याण्णव लिहून सही मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"हो, सर."

"ती प्रत यांचीच होती, हे कोण सांगणार? तो सायबरवाला माझ्यासमोर येऊन सांगेल?"

"विचारते."

"विचारू नका. आणा. आणि मुदतीच्या आत."

सोपानला आणायचं काम मुंगसे यांनी घेतलं. मुदतीचा शेवटचा दिवस गुरुवार होता, म्हणजे सोपानच्या धंद्याचा मोठा दिवस. शिवाय विद्यापीठात जाऊन आपण काय करतो ते कबूल करायचं. मी असते तर गयावया केली असती. मुंगसे यांनी काय सांगितलं, ते मला नंतर सोपानकडूनच कळलं. "मला म्हणाले, भावा, तू तपासून दिलंस ना? मग इन्स्पेक्टर तू. सही इन्स्पेक्टरची लागती. मी म्हणलं, मी कुठला इन्स्पेक्टर राव, मी झेरॉक्सवाला! तर म्हणाले, ज्यानं माल तपासला तो इन्स्पेक्टर, बाकी बोलायचं काम नाही. रात्रभर तेच डोक्यात."

गुरुवारी सोपान इस्त्रीचा शर्ट घालून आला.

शेलारमामांनी त्याला दारातच न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाले, "म्याडम, ह्यो तर चोरासारखा दिसत न्हाई."

"चोर नाहीत मामा, साक्षीदार आहेत."

"मग घाबारलाय कशापायी?"

रणपिसे सरांनी सोपानला बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"व्यवसाय?"

"सायबर आहे सर, भोसरीत. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि हे."

"हे म्हणजे?"

"पीएचडी."

सरांनी चष्मा काढला. "मुंगसे यांचा प्रबंध तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये घातला?"

"घातला."

"तो त्यांनीच लिहिलेला, हे कशावरून?"

सोपानने मुंगसे यांच्याकडे पाहिलं. मुंगसे समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"सर, दुसऱ्याचं आणणारा माणूस एवढा त्रास देत नाही. तो म्हणतो, टक्के कमी करून दे आणि जातो. ह्यांनी खुर्ची ओढली आणि दिवसभर बसले. एकेक रंगवलेली ओळ बघायचे आणि विचारायचे, ही का रंगली? मी म्हणलं, मशीन सांगतंय. तर म्हणे, मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं? सर, माझी बाकीची गिऱ्हाइकं उठून गेली. एका ओळीवर तर माझ्याशीच भांडले. म्हणे हा तडा असा जात नसतो, मी डोळ्यानं बघितलाय."

रणपिसे सरांनी टीप बाजूला सरकवली. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाचे प्रबंध येतात तुमच्याकडे?"

"नावं नको, सर."

"नावं नाही विचारली."

"तुमच्या युनिव्हर्सिटीचे बरेच असतात. गुरुवारी रांग असते. इथं एकदाच तपासतात म्हणे, आणि एकदा नापास झालं की बोभाटा. म्हणून आधी माझ्याकडं." मग सरांना बरं वाटावं म्हणून त्याने पुढे जोडलं. "तुमचं नाव फार घेतात, सर. म्हणतात, रणपिसे सरांपुढं जायच्या आधी बघून घेऊ."

सरांनी चष्मा घातला, टीप पुढे ओढली आणि पेन मागितलं. मुंगसे यांनी खिशातलं निळं दिलं.

इथे मी क्रम मोडते आणि पुढचं आधी सांगून टाकते, कारण विभागाच्या दृष्टीने मोठा बदल तोच. त्या सत्रापासून ग्रंथालयात दर गुरुवारी चाचणी-तपासणी मिळते. प्रबंध कुठेही साठत नाही, अहवाल कुठेही जात नाही, माणसाने आपल्या चुका आपण बघायच्या आणि घरी जायचं. खूण काढून टाकायचं काम मी स्वतः करते. इतकी वर्षं आम्ही नवनवे डेटाबेस आणत गेलो, लॉगिन सोपं केलं, चौकटी डावीकडून उजवीकडे नेल्या, आणि एवढी एक साधी सोय नव्हती म्हणून आमचे विद्यार्थी भोसरीत लेथच्या आवाजात रांग लावून उभे होते. मला ते एका झेरॉक्सवाल्याकडून अधिष्ठात्यांच्या दालनात कळलं. त्याचं वाईट वाटतं, आणि ते कुठल्या रकान्यात घालावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोपानचा मध्यंतरी फोन आला होता. "मॅडम, तुम्ही माझा गुरुवार खाल्लात." मी म्हटलं, लॅमिनेशन वाढव. त्याने लॅमिनेशनचा फलक आता सर्वांत वर लावला आहे.

तर त्या दिवशी. सही झाली तेव्हा दुपार कलली होती. मुंगसे प्रबंधाच्या प्रती छातीशी धरून संशोधन विभागाच्या खिडकीकडे गेले, मागून मी. खिडकीतल्या बाईंनी प्रती घेतल्या, नोंद केली आणि पावती लिहून दिली. मुंगसे यांनी ती उभ्यानेच वाचली. मग पुन्हा खिडकीतून आत सरकवली.

"ह्याच्यावर तारखेचा शिक्का नाही."

"शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, साहेब लेखा विभागात गेलेत. उद्या या, मारून देते."

"उद्याची तारीख पडेल."

"अहो, आजचीच टाकू."

"उद्या बसून आजची तारीख टाकायची नसते, ताई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी म्हटलं असतं, जाऊ द्या मुंगसे, आपलीच माणसं आहेत. मी बाकावर बसले. तेही बसले. विभागातले लोक डबे, छत्र्या घेऊन एकेक करून निघाले. बाईंनीही पर्स घेतली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. मुंगसे यांच्या घरून फोन आला. ते म्हणाले, "अजून नाही. आईला जेवू घाल." आणि ठेवून दिला.

साहेब आले. ड्रॉवर उघडला. शिक्क्याची शाई वाळली होती, तिच्यावर दोन थेंब पाणी टाकलं, आणि शिक्का मारला. तारीख जरा तिरकी बसली आणि एका कडेला पुसट आली.

मुंगसे यांनी पावती खिडकीच्या उजेडात धरली. आधी चष्म्यातून पाहिली, मग चष्मा वर करून पाहिली. बाई मान पुढे काढून बघत होत्या. मीही.

"चालेल," मुंगसे म्हणाले.